अकरा नंबरची कुंडी

खटपटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते त्यांना लोकांनी बहाल केलेलं, आणि इतकं चपखल बसलेलं, की एकदा पोस्टमनने पाकिटावरचं खरं नाव वाचून "हे कोण राहतात हो इथे?" असं खुद्द त्यांनाच विचारलं होतं. खटपट्यांनी क्षणभर विचार केला आणि मगच सही केली.

चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दुरुस्त म्हणण्यापेक्षा, बिघडू दिल्या नाहीत. त्यांच्या कंपनीचा नियमच तसा होता. चालती लिफ्ट महिन्यातून एकदा बंद करायची, पॅनेल उघडायचं, ब्रेक बघायचा, दोर बघायचे, रुळांना ग्रीस लावायचं, वहीत सही करायची. लोक वैतागायचे. "चांगली चाललीय की, कशाला उघडता?" खटपटे म्हणायचे, "चांगली चाललीय म्हणूनच." चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही लिफ्टने कुणाला दगा दिला नाही. हा नियम लिफ्टपुरताच आहे, घड्याळ, नळ, कुलूप आणि शिलाई मशीन यांना तो लागू नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल, तर ते तेव्हा काहीतरी उघडत होते.

सुरुवात ताईच्या रेडिओपासून झाली. तेव्हा खटपटे नऊ वर्षांचे आणि ताई पंधराची. रेडिओ उत्तम वाजत होता. खटपट्यांनी तो उघडला, आतलं सगळं एका चादरीवर क्रमाने मांडलं, समाधानाने पाहिलं, परत भरलं, आणि मूठभर वस्तू उरल्या. रेडिओ पुन्हा बोलला नाही. ताईही आठ दिवस बोलली नाही. पुढे स्वतःच्या लग्नात, हॉलची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुरकुरते म्हणून नवरदेव वर मशीनच्या खोलीत जाऊन बसले. सासऱ्यांनी त्यांना शोधून खाली आणलं तेव्हा कोटाच्या बाहीला ग्रीस होतं. त्यांची बायको अजून सांगते, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण लिफ्ट मात्र कुरकुरायची थांबली होती, काय करणार!"

निवृत्त होऊन सात महिने झाले आणि घरात उघडण्यासारखं काही उरलं नाही. बूड एका जागी टेकेना. सकाळी चहा पिता पिता ते तीनदा उठायचे. खिडकीच्या बिजागऱ्या, पंख्याचे स्क्रू, दाराची कडी. बायको म्हणायची, "अहो, बसा ना जरा." ते बसायचे. मग गुडघा हलू लागायचा, गुडघ्याबरोबर टेबल, टेबलाबरोबर कपबश्या. शेवटी तीच म्हणायची, "उठा बाई तुम्ही."

अशा माणसाच्या घरी ताईने आपल्या अकरा कुंड्या आणून ठेवल्या, याला दुसरा इलाज नव्हता म्हणूनच. तिची मुलगी दुसऱ्या शहरात, दिवस गेलेले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. ताईला चार महिने तरी तिकडे राहावं लागणार होतं. आणि तिच्या ओळखीच्या घरांपैकी पूर्वेची, झिरझिरीत पडद्याची, ना फार उन्हाची ना अंधाराची अशी खिडकी खटपट्यांच्याच घरात होती.

कुंड्यांत स्लिपर ऑर्किड होती. पानं पसरट, रुंद पट्ट्यांची, झुपक्याझुपक्यांनी वाढणारी. फूल येतं ते मेणाने घडवल्यासारखं, आणि त्याची पुढची पाकळी खोलगट, थेट सपातेच्या टोकासारखी. खटपट्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'वन्संच्या चपला' ठेवून टाकलं.

ताईने कुंड्या खिडकीत ओळीने लावल्या, प्रत्येकीवरचं लेबल समोर वळवलं, आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. एका बाजूला 'करायचं' असं लिहून त्याखाली दोन ओळी. दुसऱ्या बाजूला 'करायचं नाही', आणि त्याखाली पान भरलेलं.

"पाणी आठवड्यातून दोनदा. वरून नाही, कडेने. झुपक्यात पाणी साठू द्यायचं नाही. बास," ताई म्हणाली. "आणि कुंडी बदलायची नाही. एकाही रोपाची."

"कधी बदलायची असते?" खटपट्यांनी विचारलं. प्रश्न अगदी सहज होता, पण उजवा हात तोवर एका कुंडीवर गेलेला होता.

ताईने हात बाजूला केला. "वर्षातून एकदा. फूल होऊन गेलं, बुडाशी नवं पिल्लू, म्हणजे कोंब, दिसायला लागलं, की. यात माती नसतेच मुळी. झाडाच्या सालीचे बारके तुकडे, थोडा कोळसा. मुळांना हवा लागते. वर्षभरात साल कुजते, तिचा चिखल होतो, आणि मग मुळं गुदमरतात. म्हणून दर फेब्रुवारीत मी नवीन साल भरते. कळी असताना मात्र कुणाला हात लावायचा नाही. मुळं दुखावली की झाड आधी कळी टाकतं."

"म्हणजे बिघडायच्या आधीच उघडायचं," खटपटे खूश होऊन म्हणाले.

"फेब्रुवारीत. आत्ता ऑगस्ट चालू आहे." मग तिने शेवटच्या कुंडीचं लेबल उगाचच सरळ केलं. "आणि ही अकरा नंबरची. हिच्याकडे तर बघायचंही सांभाळून."

अकरा नंबरची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. ताईचे यजमान, म्हणजे खटपट्यांचे भाऊजी, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ऑर्किडचे संकर-परागीभवन असले उद्योग करायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एका फुलाचा पराग काडीने दुसऱ्या फुलावर नेऊन लावला. शेंग धरली. ती एका प्रयोगशाळेत पाठवली, आणि वर्षाने बाटलीत बारीक गवतासारखी वीस-बावीस रोपं परत आली. एकेक करत सगळी गेली. एक तगलं, ते हे. भाऊजी गेले त्याला अडीच वर्षं झाली होती. या रोपाला एकदाही फूल आलं नव्हतं. त्या फुलाचा रंग काय, आकार कसा, जगात कुणालाच माहीत नव्हतं, कारण असं रोप जगात हे एकच होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खटपटे पाणी घालत होते, कडेने. अकरा नंबरच्या मोठ्या झुपक्याच्या मधोमध, दोन पानांच्या बेचक्यात, त्यांना काहीतरी दिसलं. हिरवं, चपटं, घडी केलेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. लिफ्टच्या रिलेचे पॉइंट तपासायचं भिंग आणलं. मग ताईला फोन लावला.

"ताई, अकरा नंबरला मधे काहीतरी आलंय."

"काय आलंय?"

"पान नाहीये. जाड आहे. कडेला बारीक लव आहे."

पलीकडे इतकी शांतता पसरली, की फोन बंद पडला समजून खटपट्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला, मागचं झाकणही चाचपलं.

"कळी आहे ती," ताईचा आवाज आला. "खटपट्या, कळी आहे रे ती!" मग ती बोटांवर मोजू लागली, मोजताना ऐकू येत होतं. "अडीच-तीन महिने लागतात उमलायला. म्हणजे नोव्हेंबरचा शेवट. मी येते तोवर. मी आल्यावरच उमलेल ती. तू काही करू नकोस. ऐकतोयस ना? काहीच करू नकोस."

खटपट्यांना आजवर अनेक अवघड कामं सांगितली गेली होती. काहीच न करण्याचं काम पहिल्यांदाच आलं.

पंधरा दिवस त्यांनी ते नेटाने केलं. रोज सकाळी खुर्ची ओढून खिडकीसमोर बसायचं, हात काखेत दाबून. बायको शेजारणीला सांगायची, "चपलांचं ध्यान चाललंय." कळीचा दांडा नखभर वर आला. आणि मग एके दिवशी पाणी घालताना खटपट्यांचे कान टवकारले.

बाकीच्या दहा कुंड्यांत पाणी घातलं की ते सरसर खाली उतरायचं. अकरामध्ये ते वरच थबकायचं आणि मग हळूहळू, गिळवत नसल्यासारखं, आत जायचं. त्यांनी नाक जवळ नेलं. ओलं पोतं कोपऱ्यात पडून राहिलं की येतो तसा आंबूस वास. खालच्या पानांची कड किंचित सैल पडलेली. यातली एकेक गोष्ट काहीच नव्हती. पण चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. ब्रेक जायच्या महिनाभर आधी आवाजात जो पडतो, तो फरक ऐकायचा.

"हिच्यात बिघाड आहे," त्यांनी जाहीर केलं.

"तुम्हाला देव्हाऱ्यातसुद्धा बिघाड दिसेल," बायको म्हणाली. पण तिनेही वाकून वास घेतला, आणि नाकाला पदर लावला. "अगबाई. खरंच की हो."

दुसऱ्या दिवशी खटपटे दोन बस बदलून शहराबाहेरच्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाई लाकडी फळीशी उभ्या राहून एकामागून एक रोपं कुंड्यांत भरत होत्या. खटपटे बोलत असताना त्यांचे हात थांबले नाहीत, आणि एवढ्यावरूनच खटपट्यांना त्यांच्याबद्दल आदर वाटला.

"कळी आहे म्हणता. मग उघडायचं नाही," बाई म्हणाल्या.

"पण वास येतोय."

"मग उघडायचं."

"अहो, दोन्ही कसं?"

बाईंनी एक रोप त्यांच्यापुढे धरलं. "बुडाशी दोन बोटांत धरायचं आणि हलकेच हलवायचं. कुंडीसकट हललं तर मुळं धरून आहेत, फूल होईपर्यंत थांबा. कुंडी जागच्या जागी आणि नुसतं रोप डुगडुगलं, तर खाली मुळं उरलेली नाहीत. मग कळी कशाच्या जिवावर उमलणार? ती पानांतलं पाणी ओढणार, आणि शेवटी रोपासकट जाणार." त्यांनी खटपट्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रोप तुमचं आहे?"

"बहिणीचं."

"मग आधी बहिणीला विचारा. मी असल्या गोष्टींपायी भावंडं तुटलेली बघितली आहेत."

घरी येऊन चपला न काढताच खटपटे खिडकीशी गेले. दोन बोटांत रोप धरलं. दुधाचा दात हलावा तसं ते हललं. कुंडी जागची हलली नाही.

फोनवर ताईने ते शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. "तुझे हात शिवशिवतायत, बाकी काही नाही."

"अगं, रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं..."

"त्या बाईंनी माझं रोप पाहिलंय? नाही ना? खटपट्या, नऊ वर्षं आम्ही त्या कळीची वाट पाहिली. तू आज ती कुंडी उघडणार, उद्या मला सांगणार, ताई, चार गोष्टी उरल्या. रेडिओ आठवतोय ना?"

"पन्नास वर्षं झाली ताई त्या रेडिओला!"

"म्हणूनच सांगते. जित्याची खोड." आणि फोन बंद.

पुढचे तीन दिवस खटपट्यांच्या पायाला भिंगरी लागली. ते जिना चढून गच्चीवर जायचे, खाली यायचे, कुंडीकडे बघायचे, परत वर. एकदा ते भाजी आणायला निघाले आणि आपल्या जुन्या हद्दीतल्या एका इमारतीत पोचले. तिथे लिफ्टच्या दाराला कान लावून उभे असताना वॉचमनने हटकलं. "कुणाकडे जायचंय?" खटपट्यांना सांगता येईना. भाजी राहिली ती राहिलीच. ताईचं चुकत होतं हे त्यांना कळत होतं. पण ताईचं कधी चुकत नाही, हेही त्यांना लहानपणापासून कळत होतं, आणि या दोन्हींमध्ये त्यांचा जीव टांगणीला लागला होता. तिला न विचारता उघडावी, तर कळी गेली की ताई गेली. न उघडावी, तर नोव्हेंबरात तिच्या हातात द्यायला वाळलेली पानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, नुसतं बसवत नाही म्हणून, ते लेबलं वाचू लागले. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एक तक्ता लावलेला असतो, शेवटची तपासणी कधी झाली त्याचा. तसंच लेबलांवर, कुंडी शेवटची कधी बदलली त्या तारखा. एक ते दहा, ताईचं गोल, टपोरं अक्षर, याच वर्षीचा फेब्रुवारी. अकरावर अक्षर वेगळं होतं. उभं, रेखीव, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं. फेब्रुवारीच. पण तीन वर्षांपूर्वीचा.

खटपटे खुर्चीत बसले. गुडघा हलत नव्हता, हे स्वयंपाकघरातून बायकोने पाहिलं आणि ती घाबरून बाहेर आली. "काय झालं हो?"

त्यांनी उत्तर न देता फोन लावला.

"ताई, उघडायचं म्हणत नाहीये मी. नुसतं सांगतो. दहा कुंड्यांच्या लेबलावर यंदाची तारीख आहे. अकरावर तीन वर्षांपूर्वीची. आणि अक्षर भाऊजींचं आहे."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"मग?"

"दर वर्षी काढते मी. वर्तमानपत्र अंथरते, कुंडी त्यावर ठेवते. दहा भरून होतात. मग हिला उचलते आणि परत खिडकीत ठेवते. ते त्यांनी भरलंय रे. त्यांच्या बोटांनी दाबलंय. त्यानंतर त्यांनी कुठली कुंडी भरली नाही."

खटपट्यांना सांत्वन येत नसे. येत असे ते फक्त दुरुस्त करणं. "ताई," ते म्हणाले, "त्याचा आता चिखल झालाय गं."

"हं."

"वास येतोय."

"हो, ऐकलं. बहिरी नाहीये मी." तिने नाक ओढलं. "साल आहे का तुझ्याकडे? नवीन?"

"बाईंकडून आणलीय. रात्रभर भिजवायची ना? परवाच भिजत घातलीय."

"न विचारताच?"

"भिजत घालणं म्हणजे काही उघडणं नव्हे."

ताई हसली की काय ते नीटसं कळलं नाही. "उद्या सकाळी अकरा वाजता. व्हिडिओवर. मी सांगेन तेवढंच करायचं."

दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. तिकडे फोन भाचीने आपल्या पोटावर टेकवून धरला होता, त्यामुळे बाळाने लाथ मारली की ताई पडद्यावर हिंदकळायची. इकडे फोन खटपट्यांच्या बायकोच्या हातात. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर कात्री, ज्योतीवर फिरवून घेतलेलं पातं, निथळलेली साल, आणि नवी कुंडी.

"ही कुंडी?" ताई ओरडली. "हिच्यात काय नारळ लावायचाय?"

"मोठी बरी म्हटलं. ऐसपैस."

"लहानच हवी. जेवढी मुळं तेवढी कुंडी. मोठीत पाणी साठून राहतं. ठेव ती बाजूला. जुनीच धू आणि तीच घे."

"मामा, तुमचे हात थरथरतायत," भाची म्हणाली.

"तुझा फोन हलतोय."

खटपट्यांनी कुंडी चहूबाजूंनी हलके दाबली आणि आडवी केली. रोप बाहेर आलं ते सहज, फारच सहज. त्यासोबत चोथ्यासारखा काळा गोळा आला आणि वर्तमानपत्रावर फुटला. सालीचा एकही तुकडा साल म्हणून ओळखू येत नव्हता. बायकोने मान वळवली, त्यामुळे थोडा वेळ ताईला फक्त पंखा दिसला.

"फोन खाली करा वहिनी! मुळं दाखवा मला."

बहुतेक मुळं काळी पडून पिचपिचीत झाली होती. बोटात धरलं की मुळाची साल निसटून हातात यायची आणि आतला दोरा उरायचा. "ती सगळी कापायची," ताई म्हणाली. खटपटे कापत गेले. काळी संपली, आणि मग त्यांच्यासमोर जी आली ती तपकिरी होती, खरखरीत, अंगभर लव असलेली. जन्मभर लोखंड पाहिलेल्या डोळ्यांनी लगेच ओळखलं: गंज. कात्री चालली.

"अरे थांब! थांब!"

ते थांबले. एक मूळ कागदावर पडलं होतं. कापलेल्या जागी ते आतून पांढरंशुभ्र आणि टणक होतं.

"ते जिवंत होतं," ताई म्हणाली. "स्लिपरची चांगली मुळं तशीच असतात. तपकिरी आणि केसाळ."

भाचीच्या पोटातल्या बाळानेही लाथ मारली नाही.

"किती उरली?"

खटपट्यांनी मोजली. पुन्हा मोजली. "तीन."

"चार होती."

"हो. चार होती." त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि आपल्यापासून दूर सरकवली. "ताई, चूक झाली."

ताईने डोळे मिटून घेतले आणि उघडले. "आता नीट ऐक. तीन मुळांवर ते रोप कसंबसं जगेल. कळी पोसली तर नाही जगणार. कळी काप."

"काय?"

"दांड्यापासून. खाली."

"राहू दे ना गं," खटपटे म्हणाले. "टाकायची तर ते आपणच टाकेल. कदाचित टाकणारही नाही. थोडं थांबून तर बघू. लगेच कशाला..."

"कोण बोलतंय हे?" ताई म्हणाली. "वहिनी, फोन त्याच्या तोंडावर धरा बघू. खटपट्या, तू म्हणतोयस राहू दे?"

"नऊ वर्षं म्हणालीस ना तू."

"रोप राहिलं तर पुन्हा येईल कळी. रोप गेलं तर वाट बघायलाही काही उरणार नाही." तिचा आवाज पातळ झाला होता. "चौथं मूळ असतं तरी मी हेच म्हटलं असतं. घे पातं."

चौथ्या मुळाबद्दल ती खरं बोलत होती की भावाची समजूत घालत होती, ते खटपट्यांना आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यांनी पातं पुन्हा एकदा ज्योतीवर धरलं, थंड होऊ दिलं, आणि दांडा कापला. कळी तळहातावर पडली. अंगठ्याच्या नखाएवढी, घट्ट मिटलेली.

सगळे तिच्याकडे बघत होते.

"आता उघडशीलच तू ती," ताई म्हणाली.

"नाही."

"उघड. मलाही बघायचंय. फोन जवळ आणा वहिनी."

भिंग आलं. खटपट्यांनी पात्याच्या टोकाने वरची घडी सारली, मग खालची. आत सगळं होतं. दोन चिमुकल्या पाकळ्या दोन्ही बाजूंना, आणि पुढे तांदळाच्या दाण्याएवढी, पण पुरी घडलेली खोलगट सपाता.

"रंग?" ताईने विचारलं.

खटपट्यांनी भिंग पुढे-मागे केलं. काहीतरी सांगावंसं त्यांना फार वाटलं. गुलाबी म्हणावं, ठिपके आहेत म्हणावं, त्या फोनपाशी बसलेल्या बाईला काहीतरी द्यावं. "हिरवं आहे," ते म्हणाले. "सगळं हिरवंच आहे. रंग अजून आलाच नव्हता."

"बरं," ताई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं. हे म्हणायचे, पिवळं निघणार. मी म्हणायचे, तोंड बघा. राहिलं भांडण तसंच." आणि तिने डोळे पुसले. मग लगेच नेहमीच्या आवाजात, "आता बघत काय बसलायस? मुळं सुकतायत. रोप मधे धर. सगळीकडून साल सोड. दाबू नकोस! कुंडी टेबलावर आपट, आपोआप बसते ती. काडीचा टेकू दे. चार दिवस पाणी नाही, नुसता फवारा."

"आणि हा जुना चिखल?" बायकोने वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं.

ताईने पडद्यावर वाकून त्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं. "टाकून द्या वहिनी," ती म्हणाली. "वास मारतोय ना."

लेबल तिने टाकू दिलं नाही. ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला खटपट्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि सवयीने खाली सहीही केली.

त्यानंतरचे दोन महिने खटपट्यांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट होते, असं त्यांची बायको सांगते, म्हणजे तिचेही. कुंडी सावलीत, वरून प्लास्टिकची पिशवी, आणि आत काय चाललंय हे कळायला मार्ग नाही. मूळ धरलं की नाही? लिफ्टला निदान झाकण असतं, चार स्क्रू काढले की दिसतं. इथे बघायला गेलं की मोडतं. ते खिशात हात घालून फेऱ्या मारायचे. पिशवीवर थेंब जमले की आशा वाटायची, ओघळले की जायची. सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं, तेव्हा त्यांनी ताईला सकाळपासून पाच फोन केले. पाचव्याला भाचीच्या नवऱ्याने घेतला आणि सांगितलं, की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. खटपटे म्हणाले, "वा वा, अभिनंदन! ताईला सांगा एक पान पिवळं पडलंय."

नोव्हेंबर संपता संपता ताई आली. पायातली चप्पल एकच निघाली होती, दुसरी तशीच, आणि ताई थेट खिडकीशी. पिशवी तिने स्वतःच काढली. खटपटे दाराच्या चौकटीत उभे राहिले. जवळ जायची त्यांची हिंमत होईना.

पानं पूर्वीपेक्षा कमी होती, दोन गेलेली. ताईने वाकून बुडाशी पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. मग करंगळीच्या टोकाने सालीचे दोन तुकडे बाजूला केले.

"इकडे ये," ती म्हणाली. "तुझं भिंग घेऊन ये."

मोठ्या झुपक्याच्या बुडातून, सालीच्या वर जेमतेम, हिरवं टोक आलं होतं. पात्याच्या टोकासारखं. आणि त्याच्या पायथ्याशी तपकिरी, केसाळ, बोथट असं काहीतरी खाली घुसत होतं.

"गंज," खटपटे म्हणाले.

ताईने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. तो चांगलाच बसला. मग ती खुर्चीत बसली, आणि बायकोने आणलेला चहा निवेपर्यंत तसाच हातात धरून राहिली.

"दहा कुंड्या मी उद्या नेते," ती म्हणाली. "ही राहू दे तुझ्याकडे."

"माझ्याकडे? मी चांगलं मूळ कापलं, ताई."

"हो, कापलंस. आणि मी तीन वर्षं उघडली नाही. पुढच्या वेळीही मला जमेलसं वाटत नाही." तिने कुंडी त्यांच्या बाजूला सरकवली. "पण न विचारता नाही."

"फेब्रुवारीत?"

"आत्ताच तर भरलीय. पुढच्या फेब्रुवारीत नाही. त्याच्या पुढच्या."

खटपट्यांनी मनात मोजलं. गुडघा हलू लागला. टेबल हललं, बशीत चहा सांडला.

"पंधरा महिने, ताई?"

"आणि फुलाला दोन वर्षं तरी धर. तीनही लागतील."

"आणि मधे एकदाही बघायचं नाही? नुसतं, वरचे दोन तुकडे बाजूला सारून?"

"नाही," दोन्ही बायका एकदम म्हणाल्या.